चिंचमाळची शाकारणी

"मग निघताना तुम्ही त्या लोकांना नेमकं काय सांगून आलात, फादर?"

फादर आल्विननं अजून हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. मोटारसायकल फाटकात आडवी टाकून तो तावातावानं आत आला होता आणि प्रश्न त्यानं अंगणातूनच विचारला होता.

ज्यांना विचारला ते फादर इग्नाती आढाव सरपणाच्या खोलीसमोर उभे राहून छपराकडे बघत होते. थकलेल्या धर्मगुरूंच्या त्या निवासात दुपारचं जेवण झालं की सगळे आडवे होत. हे एकटेच उभे होते.

"कुणाला?" त्यांनी मान खाली न करता विचारलं.

"चिंचमाळच्या लोकांना. माझ्या धर्मग्रामातल्या."

"हं."

"खरं तर अजून तुमच्याच…"

"आलास ते बरं झालं," आढावफादर म्हणाले. "शिडी धर."

'शिडी' या एका शब्दाचा आल्विनला जुना राग होता. तो का होता, ते आधी सांगायला हवं.

आल्विन तुस्कानो मूळचा वसईचा. सेमिनरीत पहिला आलेला, वाचन दांडगं, गळा गोड. प्रवचन असं करायचा की शेवटच्या रांगेतली पोरंसुद्धा चुळबुळ थांबवायची. बिशपांनी त्याला नगरकडच्या चिंचमाळला धाडलं तेव्हा सांगितलं होतं, काही महिने आढावफादरांच्या हाताखाली राहा, शिकून घे, मग धर्मग्राम तुझ्याकडेच येणार आहे.

तो मोठ्या भक्तिभावानं गेला होता. आढावफादरांचं नाव सगळ्या धर्मप्रांतात आदरानं घेतलं जायचं. माळावरची ती मंडळी या माणसानं पोटच्या पोरांसारखी सांभाळली, असं जो तो म्हणायचा. असा गुरू मिळणार म्हणून आल्विननं कोरी वही घेतली होती.

पोचला तेव्हा गुरू छपरावर होते. झगा कमरेला खोचलेला, डोक्याला टॉवेल बांधलेला, आणि हातात फुटकं कौल.

चिंचमाळचं चर्च काळ्या दगडाचं, जुन्या परदेशी मिशनऱ्यांनी बांधलेलं. वर मंगलोरी कौलं. चर्चला लागून चिंचेची झाडं, आणि झाडांवर माकडं. माकडं चिंचेवरून कौलांवर उड्या टाकत, कौलं फुटत, सरकत, आणि आढावफादर शिडी लावून वर जात. एक कोपरा शाकारून होईपर्यंत दुसरा गळायला लागायचा. पावसाळ्यात लग्न लागलं तर नवरीच्या डोक्यावर थेंब पडायचे. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, आशीर्वाद आहे.

आल्विनला त्यात कसलाही आशीर्वाद दिसत नव्हता. त्याला नुसता गलथानपणा दिसत होता. मिस्सेची उपासना झाली की हे चालले शिडीवर. आणि पापनिवेदनाची ती जुनी लाकडी खोली? तिच्यात पाली. लोकांनी मन मोकळं करायला यायचं कुठे?

एकदा न राहवून त्यानं ते बोलून दाखवलं. लोक येतील तेव्हा धर्मगुरू सापडायला नको का, असं जरा ठसक्यातच विचारलं.

"सापडतो की," एवढंच बोलून म्हातारा वर चढला.

शिडी बांबूची होती आणि चांगलीच डुगडुगायची. खाली कुणीतरी धरून ठेवल्याशिवाय तिच्यावर चढायची सोय नव्हती. आल्विन कधी धरायला गेला नाही. वेळ नसतो असं तो सांगायचा. खरं कारण असं की त्याला ते काम कमीपणाचं वाटायचं. पण त्याच्यावाचून काही अडलं नाही, शिडीखाली रोज कुणी ना कुणी असायचंच. एके दिवशी माजी सरपंच रूपवते दिसले. एवढा मिशाळ, दांडगा माणूस. जीप रस्त्यात चालू ठेवून आलेला, आणि खाली मान घालून गपचूप शिडी धरून उभा. पुढं एकदा कुणाची तरी नवी सून होती, पदर डोळ्यांवर ओढलेली. आल्विनला वाटलं, रिकामटेकडी गावं अशीच असतात.

वर चढलेले आढावफादर मधूनच हवेत हात हलवायचे. वळचणीला गांधीलमाश्यांची पोळी होती. त्या हाकलत असतील, असं आल्विननं धरून चाललं.

मग म्हातारे निवृत्त झाले. एक ट्रंक घेऊन एसटीत बसले, बायका रडल्या, आणि धर्मग्राम आल्विनच्या हाती आलं.

माणूस कामाचा, यात वाद नाही. त्यानं आधी छप्पर काढलं. कौलं उतरवली, वर निळे पत्रे चढवले, उन्हात स्वतः उभा राहून एकेक पत्रा ठोकून घेतला. पहिल्याच दिवशी माकडं सवयीनं उडी टाकून पत्र्यावर आली आणि घसरत थेट अंगणात पडली. ती पुन्हा त्या बाजूला फिरकली नाहीत. पावसाळा आला आणि गेला, चर्चमध्ये थेंब नाही.

पालींची खोली मोडून त्यानं सागवानी खोली करून घेतली. मधे नाजूक जाळी, गुडघे टेकायला गादी, बाहेर वेळांचा फलक. सफाईसाठी मंडळ नेमलं, कब्रस्तानातलं गवत काढलं, गाण्याला शिस्त लावली. बिशप येऊन गेले, पाठ थोपटून गेले.

लोकांनीही कौतुक केलं. चिंचमाळची माणसं कंजूष नाहीत, कौतुकालाही नाहीत आणि वांग्यांनाही नाहीत. फादरांच्या दारात रोज काही ना काही येऊन पडायचं. नाताळात तर करंज्या खाऊन त्याचं पोट बिघडलं. मिस्सेला चर्च भरायचं. वाटेत भेटेल तो हात जोडून 'जय ख्रिस्त' म्हणायचा.

पण सागवानी खोलीत कुणी येईना.

शनिवारी संध्याकाळी आल्विन जाळीमागे जाऊन बसायचा. मार्थाबाई तेवढी यायची. शेजारणीच्या कोंबडीला शिव्या दिल्या, हे एकच पाप ती दर शनिवारी आणायची, आणि पुन्हा देणार नाही असं वचन काही केल्या द्यायची नाही. ती गेली की आल्विन एकटा. सागवानाचा वास घेत बसलेला.

त्यानं प्रवचनात विषय काढला. लोकांनी माना डोलावल्या आणि कुणी आलं नाही. तो घरोघर फिरला. घरोघर खुर्ची पुसून मिळाली, चहा मिळाला, पोरांनी पाठ केलेली गाणी म्हटली. कुणाच्या घरात काय शिजतंय याचा वास काही त्याला लागला नाही.

तरीही त्यानं दम धरला असता. पण मतमाउलीचा, म्हणजे येशूच्या आईचा, सण आला.

सणाच्या मिस्सेत आईबद्दल बोलायचं, हे ठरलेलंच. आल्विननं जीव ओतून प्रवचन तयार केलं. उदाहरण गावातलंच असावं म्हणून त्यानं पहिल्या रांगेत बसणाऱ्या शांतवन पारखेचं नाव घेतलं. शांतवन गाण्यात पुढे, चर्चच्या कामात पुढे, आणि सोनाबाई, त्याची म्हातारी आई, दर रविवारी त्याच्यामागून चालत यायची. आल्विन वेदीवरून म्हणाला, आईला कसं ठेवावं ते या घराकडून शिका.

चर्चमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. आल्विनला वाटलं, रंगलं प्रवचन.

मिस्सा संपल्यावर सोनाबाई जवळ आली. त्याचा हात हातात घेऊन तिनं कपाळाला लावला. "लई चांगलं बोल्लात, फादर," ती म्हणाली आणि निघून गेली.

खरं काय ते दोन दिवसांनी फाट्यावरच्या चहावाल्या बबननं सांगितलं. बबन ख्रिस्ती नाही, चर्चमध्ये कधी आलेला नाही, पण त्याला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. सुनेशी पटेना म्हणून शांतवननं आईला शेळ्यांच्या गोठ्यात काढलं होतं. उन्हाळ्यापासून म्हातारी तिथंच निजत होती. ताट तिथंच जात होतं.

आल्विन चहाचा पेला तसाच ठेवून उठला.

त्या दिवशी त्यानं ठरवलं. बिशपांना जाऊन सांगायचं, मला चिंचमाळहून काढा. सेमिनरीत शिकवायला ठेवा, कुठंही ठेवा. काही रविवार तसेच गेले, आणि आता उद्याची वेळही त्यानं घेतली होती. पण त्याआधी या म्हाताऱ्याला एकदा जाब विचारायचा होता. गावानं याला सगळं सांगितलं आणि मला काहीच नाही, हे आपोआप होत नसतं. जाताना म्हाताऱ्यानं काहीतरी कानमंत्र देऊन गाव आपल्या मुठीत ठेवलेलं असणार. तसं मनात आल्याची त्याला लाजही वाटत होती आणि ते मनातून जातही नव्हतं.

तर असा सगळा साठा घेऊन तो आला होता, आणि म्हातारा म्हणत होता, शिडी धर.

"या वयात तुम्ही वर चढणार?" आल्विननं हेल्मेट काढून सरपणावर ठेवत विचारलं.

"हळू बोल," आढावफादर म्हणाले. "सिस्टर उठेल."

सिस्टर ग्लोरिया म्हणजे त्या निवासाच्या व्यवस्थापक. फादरांनी जमीन सोडायची नाही असा त्यांचा हुकूम होता, आणि शिडी त्यांनी पाण्याच्या टाकीमागे लपवून ठेवली होती. म्हाताऱ्यानं ती शोधून काढली होती. साखरेच्या डब्याला हात घालणाऱ्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला होता, आणि आल्विन एवढा रागात नसता तर त्याला हसू आलं असतं.

तो नाही म्हणायच्या आत म्हातारा दोन पायऱ्या वर होता. बगलेत कौल. शिडी भिंतीला घासून डावीकडे कलली.

आल्विननं झेप टाकून दोन्ही हातांनी ती धरली.

"नीट धर. सोडू नकोस."

"नाही सोडत."

तो वर बघायला गेला, पण कौलांची माती डोळ्यांत पडायला लागली, म्हणून त्यानं मान खाली घातली. आता त्याला शिडीचा एक बांबू दिसत होता, आणि तिरकं बघितलं तर म्हाताऱ्याच्या टाचा. भेगा पडलेल्या, चुन्यानं पांढऱ्या झालेल्या टाचा. त्या बघून त्याला उगीचच गलबलून आलं, आणि मग गलबलून आल्याचाही राग आला.

"मी विचारलं त्याचं उत्तर द्या," तो बांबूला म्हणाला.

"काय विचारलंस?"

"लोकांना काय सांगून आलात?"

वर कौल सरकवल्याचा खरखर आवाज झाला.

"शिडी चर्चमागं ठेवलीय, एवढं सांगून आलो."

"बस?"

"बस."

आल्विन खवळला. मग त्यानं सगळंच काढलं. तुम्ही कौलं नीट बसवतच नव्हता, तो म्हणाला. वर्षानुवर्षं तेच छप्पर, तीच गळती. एक चांगला गवंडी आणला असता तर काम कायमचं झालं असतं. मी केलं की नाही? माकडांचा बंदोबस्तसुद्धा तुम्हाला करता आला नाही.

"माकडांना मी कधी हाकललंच नाही," वरून आवाज आला.

"का?"

वरून कौल ठोकल्याचा आवाज आला.

"का, फादर?"

"जरा उजवीकडं रेट. हां. आता ठीक."

आल्विननं शिडी रेटली. म्हातारा पुन्हा कामाला लागला. कौल उचलायचं, खालचा कचरा काढायचा, कौल ठेवायचं. सावकाश, जसं काही आयुष्यात याच्यानंतर दुसरं काम नाही.

आल्विनच्या नाकावर माशी बसली. हात मोकळा नव्हता. त्यानं फुंकर मारून ती उडवली, ती पुन्हा बसली.

मग तो आपसूकच बोलायला लागला.

रागाचा सूर कधी उतरला ते त्याला कळलं नाही. त्यानं सागवानी खोलीचं सांगितलं, तिथं एकटं बसून काय वाटतं ते सांगितलं. मतमाउलीच्या सणाचं सांगितलं, सगळं, चर्चमधल्या शांततेसकट. बबनच्या हॉटेलात कसं कळलं तेही सांगितलं. वरून अधूनमधून नुसतं "हं" येत होतं. कुणी पुढं ढकलत नव्हतं, कुणी अडवत नव्हतं.

"उद्या मी बिशपांकडे जातोय," तो म्हणाला. "चिंचमाळ सोडायचं ठरवलंय."

"हं."

"लोकांचा माझ्यावर विश्वास नाही."

"हं."

"त्यांनी मला सांगायला हवं होतं ना, फादर? एकानं तरी?"

वर खरखर थांबली.

इथपर्यंतचं सगळं त्यानं येताना मोटारसायकलवर मनात जुळवलेलं होतं. पुढचं जुळवलेलं नव्हतं. ते त्यानं स्वतःशीसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं, आणि आताही तो उच्चारणार नव्हता. तोंड फिरवून निघून जावं असं त्याला फार वाटलं. पण शिडी सोडता येत नव्हती. सोडली तर म्हातारा खाली आला असता.

"फादर…"

"आहे मी."

"बबननं सांगितलं ना, तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात सोनाबाई आलीच नाही." त्यानं बांबू घट्ट आवळला. "पहिल्यांदा मनात आलं, सगळ्या गावासमोर माझी शोभा झाली."

वरून "हं" आलं.

"अजून तिच्याकडे गेलो नाही. एवढे दिवस झाले. शांतवनलाही काही बोललो नाही. सगळं माहीत नसल्यासारखाच वागतोय."

वरून मातीचा एक खडा घरंगळत खाली पडला.

"ती रविवारी येते. ख्रिस्तप्रसादाला रांगेत उभी राहते. हात पुढं करते. आणि मी… मी तिच्या हातावर प्रसाद ठेवतो ना फादर, तेव्हा तिच्या तोंडाकडे बघत नाही. तिच्या मागच्या माणसाकडे बघतो."

झालं. बोलून गेला.

डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि पुसायला हात नव्हता. तसाच उभा राहिला, बांबूला कपाळ टेकून. त्याला वाईट वाटत होतं, आणि त्या वाईट वाटण्यात आज पहिल्यांदा त्याची स्वतःची शोभा कुठंच नव्हती. डोळ्यांपुढं फक्त म्हातारीचा हात होता. काळा, शिरा वर आलेला, ओंजळ केलेला.

वरून पुटपुटल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. त्यानं डोळे किलकिले करून वर बघितलं.

आढावफादर एका हातानं वाशाला धरून होते. दुसरा हात, मातीनं लाल झालेला, त्यांनी हवेत उचलला होता. तो हात वरून खाली आला, मग डावीकडून उजवीकडे गेला.

"…पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं."

"आमेन," आल्विनच्या तोंडून गेलं. इतक्या वर्षांची सवय.

आणि मग त्याच्या लक्षात आलं.

वळचणीच्या गांधीलमाश्या त्याच्या लक्षात आल्या. रस्त्यात चालू ठेवलेली जीप लक्षात आली. पदर डोळ्यांवर ओढलेली ती पोर… तीही अशीच बांबूला कपाळ टेकून उभी होती. रिकामटेकडं गाव. वर्षानुवर्षं ते सगळं गाव एकेक करून त्या शिडीखाली येऊन गेलं होतं, आणि शेवटचे काही महिने तो ते खिडकीतून बघत होता.

त्याला आपल्या सागवानी खोलीची आठवण झाली. मधे जाळी होती, गादी होती, वेळेचा फलक होता. शनिवारी त्या खोलीकडे चालत जाणारा माणूस अख्ख्या गावाला दिसायचा. शिडी धरायला जाणाऱ्याकडे कोण बघतो? मार्थाबाईला कोंबडीची लाज नव्हती, म्हणून ती एकटी येत होती.

"फादर," तो म्हणाला. "तुम्ही हे मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तू शिडी कधी धरलीस?"

आल्विननं खांद्याला डोळे पुसले.

म्हातारा एकेक पायरी चाचपत उतरू लागला. आल्विननं टाच हातात धरून खालच्या पायरीवर टेकवून दिली. मग दुसरी. मग पुन्हा पहिली. आयुष्यात एवढ्या काळजीनं त्यानं काही हाताळलं असेल तर मिस्सेतला प्रसादाचा पेलाच.

जमिनीवर पाय टेकल्यावर आढावफादर धापा टाकत सरपणाच्या ओंडक्यावर बसले. टॉवेल सोडून त्यांनी तोंड पुसलं. मग तोच टॉवेल आल्विनकडे केला. त्यानं तोंड पुसलं. टॉवेलाला चुन्याचा आणि घामाचा वास होता.

निवासात कुठंतरी दार वाजलं. सिस्टर ग्लोरिया उठल्या असाव्यात. दोघांनी मिळून घाईघाईनं शिडी उचलली आणि टाकीमागे नेऊन ठेवली. म्हाताऱ्याला एवढा आनंद झाला होता की तो दोनदा ठेचकाळला, आणि आल्विननं दोन्ही वेळा त्याला दंडाला धरून सावरलं. असा हात धरावा एवढं प्रेम या माणसावर आपलं आहे, हे त्याला आजपर्यंत माहीत नव्हतं.

"बिशपांची वेळ घेतलीयस ना?" टाकीच्या सावलीत उभं राहून फादरांनी विचारलं.

"हो. उद्याची."

"जाणार?"

आल्विन जरा वेळ आपल्या तळहातांकडे बघत राहिला. बांबूच्या कुसळांनी ते लाल झाले होते.

"माझ्या चर्चवर आता पत्रे आहेत," तो हळूच म्हणाला. "गळत नाहीत. माकडंसुद्धा येत नाहीत. मी राहिलो तरी… चढू कशावर?"

म्हातारा नुसता त्याच्याकडे बघत राहिला. मिश्कील नाही, रागानंही नाही. आपलं पोर वाढताना बघावं तसं.

सेमिनरीत पहिला आलेल्या माणसाच्या मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली. संस्काराचा क्रम चुकला होता. क्षमेआधी प्रायश्चित्त सांगायचं असतं, ते राहूनच गेलं होतं. एरवी त्यानं ही चूक जरा मिरवत दाखवली असती. आता त्यानं ती खाली मान घालून विचारली.

"फादर, मला प्रायश्चित्त दिलं नाहीत."

"राहिलं होय?"

"हो."

आढावफादरांनी झग्याची खोचलेली कड सोडली. हातानं झटकून ती सारखी केली. फाटकापर्यंत त्याच्यासोबत चालत आले, त्याचं हेल्मेट स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्यावर ठेवलं.

"सोनाबाईच्या गोठ्यावर चढ," ते म्हणाले. "शाकारून घे नीट. … आणि शिडी धरायला शांतवनला बोलाव."